कलकत्त्याचे सांडपाणी आणि पूर्वेकडची पाणथळ



वसंतातल्या संध्याकाळी, मोगऱ्याचा वास दरवळत असताना, आपणांसमोर गटारांची कथा सांगावयाची म्हणजे थोडासा रसभंगच आहे. तो मी जाणूनबुजून करीत आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नगरांचे तट असतात, वेशी असतात, देवळे असतात आणि बाजारपेठा असतात. पण त्या नगरांत रोज सकाळी जे पाणी लोकांनी अंगावर घेतले, भांड्यांवर ओतले आणि मोरीतून सोडून दिले, ते पुढे गेले कोठे, हे सहसा कोणी लिहीत नाही. नगर किती काळ टिकणार हे मात्र बऱ्याच अंशी त्या पाण्यावरच ठरत असते. म्हणून आज मी एका मोठ्या शहराच्या सांडपाण्याचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आपणांस सांगणार आहे. ते शहर म्हणजे कलकत्ता. २००१ सालापासून त्याचे अधिकृत नाव कोलकाता झाले आहे; पण मी जुन्या काळासंबंधी बोलत आहे, म्हणून जुनेच नाव घेतो.

या कथेच्या आरंभीच आपल्या पूर्वजांची गाठ पडते. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यापाड्यांची जी लूट झाली, तिची आठवण तिकडच्या अंगाईगीतांतून आजही टिकून आहे, आणि ती आपण मान खाली घालून ऐकली पाहिजे. कलकत्त्याच्या रहिवाशांनी नवाब अलिवर्दीखानाची परवानगी काढून, स्वतःच्या खर्चाने, शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे काही आले नाहीत, आणि काम थांबले. हाच तो प्रसिद्ध ‘मराठा डिच’. ज्यांच्यासाठी खणला, त्यांना तो एकदाही अडवू शकला नाही. पुढे तो शहराची पूर्वेकडची हद्द म्हणून उरला आणि कचरा-घाण टाकण्याच्या कामी येऊ लागला. १७९९ साली त्याचा पुष्कळसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला, आणि राहिलेला १८९३ च्या सुमारास बुजला. शत्रूसाठी खणलेल्या खळग्यात शेवटी शहराने स्वतःचीच घाण टाकली, एवढाच त्या खंदकाचा उपयोग झाला.

आता भूगोलाकडे वळू. कलकत्ता हे हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले. आपण सह्याद्रीच्या मुलखातली माणसे. आपली समजूत अशी की, काठावरचे पाणी नदीकडे उतरते. बंगालच्या सपाटीवर याच्या उलट घडते. पुराच्या वेळी नदी काठाबाहेर येते, तेव्हा जड गाळ काठाशीच टाकते आणि हलका गाळ दूर नेते. अशी हजारो वर्षे गेली म्हणजे नदीचा काठ उंच होतो आणि काठामागची जमीन सखल राहते. कलकत्त्याचा उतार नदीकडे नसून नदीकडे पाठ करून पूर्वेला, खाऱ्या पाण्याच्या विस्तीर्ण दलदलीकडे आहे. या दलदलीला इंग्रज ‘सॉल्ट लेक्स’, म्हणजे खारी तळी, म्हणत. बिद्याधरी नावाच्या नदीतून समुद्राची भरती तेथपर्यंत येई आणि ओहोटीबरोबर परत जाई.

प्रारंभीच्या काळात ही साधी गोष्ट कोणी ध्यानात घेतली नाही. शहराची गटारे हुगळीकडे काढलेली होती. म्हणजे उतारावरचे पाणी चढावर न्यावयाचे! ते साहजिकच तुंबत असे. १८०३ साली गव्हर्नर जनरल वेलस्ली याने शहरसुधारणेवर एक टिपण लिहिले आणि समिती नेमली. गटारांच्या उताराचा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आला. १८१७ पासून लॉटरी कमिटीने चक्क सोडतीच्या पैशांतून रस्ते आणि तलाव केले. १८३७ साली जेम्स रॅनल्ड मार्टिन या डॉक्टराने शहराच्या आरोग्यावर ग्रंथ लिहून ओल, घाण आणि रोग यांचा संबंध दाखविला. त्या काळी पटकीचे मूळ कोणास ठाऊक नव्हते. ते १८८४ साली कळले, आणि तेही याच शहरात: जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक याने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. त्याच तळ्याचे पाणी लोक पीत होते.

अखेर १८५५ साली विल्यम क्लार्क या इंजिनिअरने योग्य दिशेची योजना मांडली. शहराखालून विटांची मोठी भुयारी गटारे बांधावयाची, पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकत्रच वाहू द्यावयाचे, आणि ते पूर्वेकडे, जमिनीच्या नैसर्गिक उताराने, पामर्स ब्रिजच्या पंपांपर्यंत आणून कालव्यातून खाऱ्या तळ्यांत व पुढे बिद्याधरीत सोडावयाचे. १८५९ साली काम सुरू झाले आणि १८७५ च्या सुमारास मुख्य भाग पुरा झाला. आशियातल्या पहिल्या मोठ्या भुयारी गटारयोजनांपैकी ही एक. शहराच्या दृष्टीने प्रश्न मिटला. घाण नजरेआड झाली.

पण घाण नजरेआड झाली म्हणून नाहीशी होत नाही. तिचे पुढे काय झाले, तेथूनच खरी कथा सुरू होते.

१८६० नंतरच्या दशकात नगरपालिकेने खाऱ्या तळ्यांच्या कडेची धापा येथील सुमारे एक चौरस मैल जागा कचऱ्यासाठी घेतली. कचरा वाहून नेण्यासाठी खास आगगाडी घातली. या जागेकडे इतरांनी नाक मुरडून पाहिले असेल. भवनाथ सेन नावाच्या गृहस्थांनी ती १८७९ च्या सुमारास पट्ट्याने घेतली आणि कुजलेल्या कचऱ्याच्या थरांवर भाजीपाला लावला. त्याच्या मध्ये सांडपाण्याची लांबट तळी, आणि त्याच पाण्याचे शिंपण. शहर जे टाकी, त्यावर फुलकोबी आणि पालेभाज्या पिकू लागल्या, आणि त्या शहराच्याच बाजारात परत जाऊ लागल्या. खाऱ्या तळ्यांतून भेटकी, कोळंबी अशी खाऱ्या पाण्याची मासेमारी पूर्वीपासूनच चालत होती.

इकडे बिद्याधरी मात्र मरू लागली. भरतीच्या नदीचा जीव तिच्या पसरटपणात असतो. भरतीच्या वेळी जितके पाणी आत येऊन पसरेल, तितकेच ओहोटीला जोराने बाहेर जाते आणि आपल्याबरोबर गाळ ओढून नेते. आजूबाजूच्या जमिनींना बांध घालून शेती व मासळीसाठी त्या अडविल्या गेल्या, वरच्या अंगाला कालवे खणून प्रवाह तोडला गेला, आणि त्यात शहराच्या मैल्याचा गाळ येऊन पडू लागला. भरतीला पसरण्यास जागा उरली नाही, ओहोटीचा जोर गेला आणि नदीचा तळ वर वर येऊ लागला. १९२८ साली पाटबंधारे खात्याने बिद्याधरी ‘मृत’ झाल्याचे जाहीर केले. नदीच्या मृत्यूची सरकारदप्तरी नोंद व्हावी, असे प्रसंग इतिहासात फार थोडे आहेत.

नदी गेली तशी खारी भरतीही थांबली. कोळ्यांची खाऱ्या पाण्यातली मासळी गेली. आता हाताशी उरले काय? तर रिकाम्या पडत चाललेल्या उथळ तळ्यांचा मुलूख आणि दारात येऊन थांबलेले शहराचे काळे पाणी. अशा वेळी १९२९ च्या सुमारास बिधुभूषण सरकार यांनी एका तळ्यात हे सांडपाणी बेताने घेऊन त्यात गोड्या पाण्यातले मासे वाढविण्याचा प्रयोग केला. तो यशस्वी झाला. एकाचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने तेच केले, आणि काही वर्षांत शेकडो तळी शहराच्या सांडपाण्यावर चालू लागली.

या तळ्यांना तिकडे ‘भेडी’ म्हणतात. भेडी म्हणजे मुळात बांध. बांधाने अडविलेले पाणी तेही भेडीच. ज्यांनी कोकणातली किंवा गोव्याची खाजणे पाहिली असतील, बांध आणि पाणी आत-बाहेर घेण्याची दारे पाहिली असतील, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

पुढची पायरी कलकत्ता महापालिकेचे मुख्य इंजिनिअर डॉ. बीरेंद्रनाथ डे यांची. बिद्याधरी मेल्यावर शहराचे पाणी सोडावयाचे कोठे, हा प्रश्न होता. त्यांनी पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या कुल्टी गांग या जिवंत खाडीपर्यंत दोन कालवे नेले: एक उन्हाळी प्रवाहासाठी आणि दुसरा पावसाळी लोंढ्यासाठी. १९४३ च्या सुमारास हे काम पुरे झाले. बांतळा येथील दारांपाशी पाण्याची पातळी वर धरून ठेवली जाई. त्यामुळे ते पंपाविना, आपल्याच वजनाने, भेड्यांत शिरू शके. कालव्याचा हेतू शहराचा होता. त्याचा लाभ कोळ्यांना मिळाला.

आता हे घडते कसे, ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घरी परसदारी मोरीचे पाणी जेथे पडे, तेथे अळू असे, एखादी केळ असे, कर्दळीचा ताटवा असे. त्या पाण्याला दुर्गंधी का येत नसे? घरच्या बायकांनी त्याचे शास्त्र वाचलेले नव्हते. पण अळू तेथेच लावावा, हे त्यांना ठाऊक होते. भेडी हे त्याच परसाचे मोठे रूप आहे.

सांडपाण्यात विष फार नसते. त्यात मुख्यत्वे अन्न असते, फक्त ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या प्रमाणात असते. ते पाणी नदीत सोडले की जंतू त्या अन्नावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग मासे गुदमरतात आणि नदी सडते. भेडीतही जंतू तेच आणि त्यांचे कामही तेच. पण भेडी अर्धा ते दीड मीटर, इतकीच खोल असते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. जंतूंनी घाणीचे विघटन केले म्हणजे जो कर्बवायू आणि जी नत्र-स्फुरदाची द्रव्ये सुटतात, त्यांवर सूक्ष्म शेवाळ वाढते. हे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते. तो जंतूंना मिळतो. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न. आपल्या शहरांतली आधुनिक शुद्धीकरण केंद्रे हीच हवा पाण्यात विजेच्या यंत्रांनी फुंकून घालतात. भेडीत ते काम सूर्य करतो, आणि त्याचे बिल येत नाही.

येथे एक अडचण उभी राहते. शेवाळ वाढतच गेले तर ते मरते आणि पाण्यातच कुजते. म्हणजे पुन्हा घाण ती घाणच. ते खाऊन टाकणारे कोणी तरी पाहिजे. ते काम मासे करतात. रुपेरी कार्प आणि कटला वरच्या थरात चरतात, रोहू मधल्या थरात, मृगल तळाशी. तिलापिया मिळेल ते खातो. मासे बाहेर काढले म्हणजे पाण्यातली घाणच, एका अर्थाने, टोपलीत घालून बाजारात नेली जाते. भर उन्हात शेवाळ जोमाने काम करीत असता पाण्याचा क्षार-गुण वाढतो, आणि तो, ऊन व पाण्याचा दीर्घ मुक्काम या तिहींमुळे रोगजंतू मोठ्या प्रमाणावर मरतात. तीनएक आठवड्यांनी पाणी निघते, तेव्हा त्यातली कुजणारी द्रव्ये चार-पंचमांशाहून अधिक गेलेली असतात आणि आतड्यातले जंतू शेकडा नव्याण्णवांहूनही अधिक कमी झालेले असतात, असे पुढे प्रयोगशाळांतून मोजून दिसले.

परंतु हे सारे आपोआप घडते, अशी समजूत आपण करून घेऊ नये. नुसत्या दलदलीत मैला सोडला तर दलदलच सडते. भेडीचे एक वर्ष असते, जसे शेताचे असते. थंडीत भेडी उपसून कोरडी करतात. तळाचा गाळ उन्हात तापू देतात, तो उकरतात, चुना टाकतात. मग सांडपाणी थोडे घेऊन ते काही दिवस तसेच उन्हात ठेवतात, आणि बांबू व जाळी ओढून तळ ढवळतात. पाणी हिरवे झाले म्हणजे आधी थोडेसेच मासे सोडून पाहतात. ते जगले तर पाणी तयार झाले. मग बाकीचे बीज पडते. त्यानंतर वर्षभर नवे सांडपाणी किती आणि केव्हा घ्यावयाचे, हा सारा हिशेब माणसाच्या डोळ्यांत आणि नाकात असतो. पाण्याचा रंग कसा, वास कसा, यावरून दार किती उघडावयाचे ते ठरते. रात्री शेवाळ प्राणवायू देत नाही, घेते. म्हणून पहाटेची वेळ अवघड. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले की राखणदार ओळखतो, काल पाणी जास्त झाले. काठांना लाटांनी धक्का लागू नये म्हणून तेथे जलपर्णी बांधून ठेवतात. आपल्याकडे जलपर्णी तलावांचा गळा आवळते. तीच तिकडे बंदोबस्तात ठेवली म्हणजे बांध राखते, माशांना सावली देते आणि पाण्यातले काही जड धातू मुळांत धरून ठेवते.

श्रोतेहो, याच सुमारास युरोपात काय चालले होते, तेही थोडक्यात सांगतो. १९५२ च्या सुमारास जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने तळ्याकाठच्या लव्हाळ्यांवर प्रयोग सुरू केले आणि त्या वनस्पती सांडपाण्यातली फिनॉलसारखी विषारी द्रव्येही घटवितात, असे दाखविले. इंजिनिअर मंडळींनी तिची पुष्कळ हेटाळणी केली. वनस्पतीने गटार साफ होते हे त्यांना पटेना. तरी तिचे काम पुढे गेले. १९६७ साली हॉलंडात सागरातून मिळविलेल्या जमिनीवर अशी पाणथळ मुद्दाम बांधण्यात आली, आणि १९७४ साली जर्मनीत ओटफ्रेझन येथे राइनहोल्ड किकुट यांच्या पद्धतीने बोरूच्या मुळांतून सांडपाणी गाळण्याची योजना उभी राहिली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आर्काटा या लहानशा गावाने मोठ्या खर्चाचे प्रादेशिक केंद्र नाकारून समुद्राकाठच्या पडीक जागेत पाणथळी तयार केल्या. १९८१ साली त्या लोकांसाठी खुल्या झाल्या आणि १९८६ पासून गावाचे सांडपाणी त्यांतूनच शुद्ध होऊ लागले. आज तेथे माणसे पक्षी पाहावयास जातात. या सर्वांचे श्रेय मोठे आहे. मात्र त्यांतल्या पहिल्या प्रयोगापूर्वी वीस-बावीस वर्षे कलकत्त्याचे कोळी हे काम हजारो एकरांवर करीत होते. त्यांनी त्यावर निबंध लिहिले नाहीत. म्हणून ते शास्त्रात मोडले नाही.

आणि जे शास्त्रात मोडत नाही, ते नकाशावरही दिसत नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने कलकत्ता कोंडले होते. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या सरकारने उत्तरेकडची खारी तळी भरून तेथे नवे उपनगर वसविण्याचे ठरविले. १९६२ साली युगोस्लाव्हियाच्या एका कंपनीने हुगळीच्या तळाचा गाळ नळांतून आणून तळ्यांवर पसरावयास आरंभ केला. त्याच वर्षी डॉ. रॉय वारले, आणि पुढे त्या उपनगराला बिधाननगर हे नाव मिळाले. घरांची गरज खरी होती, आणि डॉ. रॉय यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सरकारी दृष्टीने ती जागा ‘पडीक दलदल’ होती. तेथे मासळी पिकत होती, माणसे जगत होती आणि शहराचे पाणी शुद्ध होत होते, हे जमेस धरण्याची कोणास आवश्यकता वाटली नाही. तळी बुजली, त्यांवरचे कोळी पांगले.

यापुढे राहिलेल्या भेड्यांचीही तीच गत व्हावयाची. ती टळली याचे पुष्कळसे श्रेय ध्रुवज्योती घोष या सरकारी इंजिनिअरकडे जाते. १९४७ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी इंजिनिअर असूनही कलकत्ता विद्यापीठात परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. १९८० नंतर राज्य सरकारने त्यांच्यावर सांडपाण्याच्या पुनर्वापराचा अभ्यास सोपविला. कलकत्त्याच्या मध्यवर्ती भागाच्या सांडपाण्यासाठी शुद्धीकरण केंद्र नाही; मग एवढे पाणी जाते कोठे, असा सरळ प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि ते कालव्याच्या काठाने चालत निघाले. एका टोकाला काळे, दुर्गंधी पाणी आत जात होते. दुसऱ्या टोकाला स्वच्छ पाणी आणि जिवंत मासे होते. मधल्या माणसांना विचारीत विचारीत त्यांनी सारे समजून घेतले. आपणांस हे भेडीवरच्या माणसांनी शिकविले, असे ते जन्मभर सांगत. मुख्यमंत्री ज्योती बसू यांना पटावे म्हणून घोषांनी भेडीतले पेलाभर पाणी त्यांच्यासमोर पिऊन दाखविले, असे सांगतात. त्यांनी या सर्व प्रदेशाचे नकाशे तयार केले. एखाद्या जागेचा नकाशा होणे, तिला नाव मिळणे, ही तिच्या बचावाची पहिली पायरी असते. कलकत्ता हे निसर्गाच्या अनुदानावर चालणारे शहर आहे, असे ते म्हणत.

१९९० साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘ग्लोबल ५००’ हा सन्मान मिळाला. तरी जमिनीवरची ओढाताण संपली नव्हती. पाणथळीच्या जागी मोठे व्यापारकेंद्र उभारण्याचे बेत पुढे आले, तेव्हा ‘पब्लिक’ या नागरिकांच्या संस्थेने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ बुजविण्यास मनाई करणारा निर्णय दिला. १९ ऑगस्ट २००२ रोजी १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश रामसर कराराच्या यादीत आला, आणि २००६ साली पश्चिम बंगाल सरकारने त्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. आज तेथे सुमारे अडीचशे भेड्या, भातशेती आणि धाप्याची भाजीशेती आहे. रोज ७५ कोटी लिटरांच्या वर सांडपाणी या प्रदेशाकडे येते आणि वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी निघते.

या ठिकाणी थांबलो तर व्याख्यान गोड होईल. पण ते खरे होणार नाही. सारे काही भेडीत विरघळून जात नाही. चामड्याच्या कारखान्यांतला क्रोम, मुलामा देण्याच्या धंद्यांतले धातू यांचे विघटन कोणताही जंतू करू शकत नाही. ते गाळात बसतात, आणि तेथून भाजीत व मासळीत थोडेफार शिरण्याचा धोका राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने टांगरा, तोपसिया, तिलजला येथील चामड्याचे कारखाने हलविण्यात आले. ते गेले बांतळ्याला, म्हणजे या पाणथळीच्याच शेजारी. मैल्याचे काम निसर्गाकडे सोपवावे. कारखान्याचे विष मात्र कारखान्याच्या दारातच अडविले पाहिजे. दुसरे असे की, कालवे गाळाने भरतात, आणि वेळेवर उपसले नाहीत तर भेड्यांना हवे तेव्हा पाणी मिळत नाही. तिसरी गोष्ट पैशाची. शहर हात-दोन हात अंतरावर येऊन ठेपले आहे. मासळीचे उत्पन्न आणि जमिनीचा भाव यांची तुलनाच होऊ शकत नाही. कायदा असूनही रात्रीतून राडारोडा पडतो, एखादी भेडी कोरडीच ठेवली जाते, आणि काही वर्षांनी तेथे भिंत उभी राहते. भेडीवरच्या माणसाला शहराकडून पाणी शुद्ध करण्याचा एक पैसाही मिळत नाही. त्याला मिळते ते माशांचे. त्याचा मुलगा या धंद्यात राहील किंवा नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही. ध्रुवज्योती घोष फेब्रुवारी २०१८ मध्ये वारले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतली काळजी हीच होती.

आता आपल्याकडे पाहू. आपणांपैकी काही जण म्हणतील, हे बंगालच्या दलदलीत ठीक. आमच्या दख्खनच्या खडकावर याचा काय उपयोग? आक्षेप योग्य आहे. एवढी उथळ जमीन आपल्याजवळ नाही, आणि महानगराचे सारे पाणी अशा रीतीने शुद्ध होईल, असे वचन कोणी देऊ नये. पण तत्त्व येथेही लागू पडते. १९५८ साली नागपूरला स्थापन झालेल्या, आणि आज ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची पद्धत तयार केली आहे. खडी भरलेल्या हौदांत वनस्पती लावून त्यांच्या मुळांतून सांडपाणी सोडावयाचे, अशी ती आहे. वसाहती, शाळा, संस्था यांसारख्या ठिकाणी ती चालते. आणि त्या हौदांत लावल्या जाणाऱ्या वनस्पतींत एक कोणती, म्हणाल? आपल्या परसातली कर्दळ!

शिवाय आपल्याही पाणथळी आहेत. २०१९ साली नांदूरमधमेश्वर, २०२० साली लोणार, आणि २०२२ साली ठाण्याची खाडी यांना रामसर यादीत स्थान मिळाले. यादीत नाव येणे ही चांगली गोष्ट होय. पण ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, असे ओढे, पाझर आणि गावाखालची दलदल प्रत्येक गावाला असते. ती आपण ‘रिकामी जागा’ म्हणून भरून टाकतो, आणि मग पावसाळ्यात पाणी घरात शिरले म्हणजे पावसाला बोल लावतो.

हा इतिहास वाचताना माझ्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येत राहिला. कलकत्त्याने दोन वेळा पूर्वेकडच्या पाण्याचा अर्थ लावण्यात चूक केली. पहिल्या वेळी उतार उलटा धरला; ती चूक अर्धे शतक विचारविनिमय होऊन सुधारली, कारण गटारे तुंबली आणि माणसे मेली. दुसऱ्या वेळी जिवंत पाण्याला पडीक जमीन म्हटले. ही चूक लगेच दिसत नाही. तळे बुजल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी मरत नाही. पाणी फक्त थोडे अधिक काळे होऊन पुढच्या गावाकडे जाते. म्हणून ती सुधारण्यास वेळ मिळत नाही. ती व्हावयाच्या आधीच ओळखावी लागते.

आज घरी गेल्यावर मोरीत तांब्याभर पाणी ओताल, तेव्हा ते जाते कोठे, एवढा प्रश्न स्वतःला विचारा. त्याचे उत्तर ठाऊक नसेल, तर उद्या सकाळी फिरावयास जाताना त्या ओढ्याच्या काठाने थोडे चालून या. ध्रुवज्योती घोषांनीही आरंभ तेवढ्यानेच केला होता.